कोळसेचाचांची पोच

परक्या बाईकडं टक लावून बघणाऱ्या माणसाला आमच्या गल्लीत पायताणानं हाणायची रीत होती. पायताण कोल्हापुरी, एकदा बसलं की आठवडाभर आठवण राहायची. पण कोळसेचाचा भर रस्त्यात उभे राहून परटिणीच्या मानेकडं, कासारणीच्या मनगटाकडं, भाजीवालीच्या नाकाकडं खुशाल बघत राहायचे. डोळे बारीक करून, मान एका बाजूला टाकून. त्यांना कुणी कधी चकार शब्द बोललं नाही. उलट एखाद्या दिवशी ते खाली बघून निघून गेले, तर बायकाच हाक मारायच्या, "काय वो चाचा, आज बघितलं न्हाईसा? का आमच्यात काय ऱ्हायलंच न्हाई?" मग चाचा थांबायचे, नीट बघायचे आणि म्हणायचे, "हाय की! कालच्यापरास आज कानाची पाळी बेस दिसतीया." की ती बाई दिवसभर कानावरचा पदर मागं सारून हिंडायची.

चाचा आमचे शेजारी. त्यांच्या आणि आमच्या घरात एक भिंत आणि एक चिंचेचं झाड, एवढंच अंतर. महाराजांचं राज्य होतं ते. चाचांच्या घरात रंगाऱ्याचं काम बापजाद्यांपासून चालत आलेलं. दसरा आला की दरबारच्या हत्तींच्या कपाळावर वेलबुट्टी काढायला त्यांच्या वडिलांना बोलावणं असायचं, पुढं चाचांना येऊ लागलं. बाकी वर्षभर ते मेण्यांवर, दारांवर, लग्नाच्या पाटांवर रंग चढवायचे. पण हे सगळं पोटासाठी. जिवासाठी ते एकच गोष्ट करत. कोळसा घेऊन बायकांची चित्रं काढत.

तो कोळसाही बाजारचा चालायचा नाही. चिंचेच्या बोटाएवढ्या काड्या तोडायच्या, साल सोलायची, मडक्यात उभ्या भरायच्या, तोंड मातीनं लिंपायचं आणि ते मडकं चाचीच्या चुलीत निखाऱ्यांत पुरायचं. चाचीचा त्यावर वर्षानुवर्षं एकच आरडाओरडा चाले, "इत्ती बडी चूल, पर खाना कम और कोयला जास्ती पकता हय!" ती घरात आपल्या बोलीत भांडायची आणि दाराबाहेर आली की अस्सल कोल्हापुरीत. चाचांची बोटं त्या कोळशानं कायमची काळी. ईदेला गळाभेट घ्यायला येणारे पाहुणे पांढऱ्या सदऱ्याची पाठ जपत असत, आणि जपूनसुद्धा परत जाताना प्रत्येकाच्या पाठीवर पाच बोटं असायचीच.

चित्रातलं चुकलेलं पुसायला चाचा शिळा पाव वापरायचे. साहेब लोकांच्या वस्तीजवळ एक भट्टी होती, तिथून आणायचे. पावाच्या आतला मऊ गर चिमटीत घेऊन गोळी करायची आणि कागदावर हळूच टेकवायची, की कोळसा उचलून यायचा. आता आमच्या आईच्या लेखी पाव म्हणजे बाटगं खाणं. एकदा चाचांनी बोलता बोलता पाव आमच्या कट्ट्यावर ठेवला, तर आईनं त्यांच्यादेखत सगळा कट्टा शेणानं सारवून काढला. चाचा ढिम्म हलले नाहीत. म्हणाले, "वहिनी, ह्यो पाव माणसानं खायचा न्हाय. ह्यो माझ्या चुका खातोय. लई हावरा हाय बघा." आईला हसू आवरेना. तेव्हापासून आम्हा भावंडांच्या हातून काही सांडलं-लवंडलं की आई म्हणायची, "थांब, चाचांचा पाव आणते." पाव काही तिनं शिवला नाही, पण चाचांचं बोलणं तेवढं घरात घेतलं.

चाचा पक्के नमाजी. हातातली काडी खाली ठेवून वेळेवर उठायचे. आणि हाच माणूस दर नवरात्राला आमच्या गल्लीतल्या तालमीसाठी कापडावर देवीचं मोठं चित्र रंगवायचा. आधी कागदावर कोळशानं बांधणी, मग कापडावर रंग. ते चित्र हातात असेतोवर चाचा मटणाला शिवत नसत. कोल्हापुरात राहून मटण सोडायचं म्हणजे काय तप आहे, हे बाहेरच्याला नाही कळायचं. चाची कपाळाला हात लावायची, "आमच्या घरात ह्या दिवसांत रोजा बी न्हाय आन ईद बी न्हाय, नुसती वांगी!"

आईनं एकदा त्यांना सरळ विचारलं, "चाचा, तुम्ही देवीचं चित्र काढता, तुमच्यात चालतं ते?"

चाचांनी डोकं खाजवलं. केसांतही काळं झालं. "वहिनी, म्या पूजा करत न्हाय. तुमचं तुम्हाला, आमचं आम्हाला. पर रूप ज्येनं दिलं त्येनं ते उगंच सांडलेलं न्हाय, बाईच्या अंगावर मोजून मापून ठेवलंय. कुणी काय धाडलं तर आपुन मिळालं म्हणून पोच देतो का न्हाय? ह्यी माझी पोच हाय."

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, दरबारच्या कचेरीत कारकून. आलेल्या कागदाची पोच लिहिणं हेच त्यांचं दिवसभराचं काम. ते ओसरीवरून म्हणाले, "अगदी बरोबर. पोच गेली नाही तर धाडणारा समजतो, कागद गहाळ झाला." चाचा खूश झाले. "ऐका, कारकूनसाहेब सांगत्यात!" दोघांची दोस्ती अशी एका शब्दावर होती.

तालमीच्या चित्रात चाचांचा एक नेम होता. देवीचा चेहरा ते मनानं काढत नसत आणि एका बाईचाही घेत नसत. नाक एकीचं, भुवया दुसरीच्या, हात तिसरीचे. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, "एका बाईवर देवीचा समदा भार टाकाय नगं. तिला घरी जाऊन भाकऱ्या थापाय लागत्यात." घटस्थापनेला पडदा उघडला की गल्लीतल्या बायकांची झुंबड उडायची. देवीच्या पाया पडायच्या आधी स्वतःला शोधायची घाई! "ह्ये मनगाट माझं हाय!" "मान बघ, मान माझी!" एका वर्षी नाकावरून भाजीवाली आणि गवळण चांगल्या तीन दिवस भांडल्या. शेवटी चाचांनी निवाडा दिला, शेंडा एकीचा, नाकपुड्या दुसरीच्या.

चाची मात्र स्वतःचं चित्र काढू द्यायची नाही. काडी हातात घेऊन तिच्याकडं बघितलं की ती पदर ओढून पाठ फिरवायची. पण देवीच्या पायाचा अंगठा दर वर्षी जरासा बाहेरच्या बाजूला वाकडा असायचा, आणि तो अंगठा कुणाचा हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तालमीचे वस्ताद एकदा कुरकुरले, "चाचा, देवीचा पाय वाकडा कसा चालंल?" चाचा म्हणाले, "चुलीम्होरं उभी ऱ्हाऊन ऱ्हाऊन वाकलाय. देवी काय बसून खातीया व्हय?" चाची त्या नऊ दिवसांत तालमीवरून जाताना मुद्दाम चाल मंद करायची. बघायची मात्र नाही.

आणि आता माझं सांगते, कारण माझ्या पोटात दुखत होतं ते इथंच. इतक्या वर्षांत त्या देवीत माझं काही नव्हतं. नाक नाही, कान नाही, करंगळीचं नखसुद्धा नाही. शेजारची सख्ख्यासारखी पोर, दिवसातून दहा वेळा समोर येणारी, पण चाचा माझ्याकडं नुसतं बघायचे आणि काडी खाली ठेवायचे. दर घटस्थापनेला मी चित्राच्या पायापासून मुकुटापर्यंत स्वतःला शोधायची आणि रडकुंडीला येऊन घरी परतायची. कारण मला माहीत होतं. म्हणजे मला वाटायचं की माहीत आहे. मी काळी होते. सावळी-बिवळी नव्हे, चांगली काळी. वर नाक थोराड आणि जिवणी मोठी. नाव भागीरथी. गल्लीतली पोरं मला तवा म्हणायची, आणि मी त्यांना धरून बुकलायची.

त्या वर्षी मला चौदावं सरत होतं. त्या काळात चौदा म्हणजे पोर घरात घोडी झाली असंच म्हणायचे. चार स्थळं येऊन गेली होती. तिघांची पत्रिका जुळली नाही. चौथ्यांपैकी एक बाई स्पष्टच बोलली, "पोरगी कामाची दिसतीया, पर दिवा लावल्याबिगार सापडायची न्हाई." मी आतून ओरडले, "मग येताना कंदील आणायचा!" आईनं असा चिमटा काढला की दंडावर वळ उठला. बोलले खरी, पण त्या दिवशी परसात जाऊन कोपरं दगडानं घासत बसले. रक्त आलं, रंग काही गेला नाही.

मग पाचवं स्थळ आलं गगनबावड्याचं. घाटमाथ्यावरचं खातंपितं घर, मुलगा शाळेत मास्तर. तिकडचा पाऊस म्हणजे माणसं चार महिने घरात कोंडलेली. त्यांचा निरोप आला की दसऱ्याच्या आत येणं होणार नाही, तोवर मुलीची तसबीर पाठवा. फोटोवाल्याच्या काचेत मी आहे त्याहून काळी येईन, या भीतीनं आबांनी फोटोचं नाव काढलं नाही. ते चाचांकडं गेले. जरा चाचरतच म्हणाले, "चाचा, आपली भागी. चांगलं काढा. म्हणजे, थोडं उजळ. नाक जरा आवरतं घ्या. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे."

चाचांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. "बसवा पोरीला," एवढंच बोलले.

मी बसले त्यांच्या दारात. आईची नथ, ठसठशीत कुंकू, डोईवर पदर. माझ्या मागं परसाचं दार उघडं. चाचा बघत होते, आणि या वेळी त्यांनी काडी खाली ठेवली नाही. मी म्हटलं, "चाचा, कोळसा जपून वापरा, मला लई लागंल." ते हसले नाहीत. म्हणाले, "भागाबाई, लोकास्नी वाटतंय कोळशानं काळं काढायचं असतंय. कोळशानं उजेड काढायचा असतोय. कागूद पांढराच हाय, त्येला कोण इचारतंय? काळं नीट लावलं की मंग उजेड कुठं बसलाय ते दिसतंय. हालू नगंस." माझ्याशी असं माझ्या रंगाबद्दल आवाज खाली न आणता कुणी बोललं नव्हतं. मी हलले नाही. मान अवघडली तरी हलले नाही.

चित्र पुरं झालं आणि आबा आले. बघितलं, आणि त्यांचा चेहराच उतरला. कागदावर मी होते. काळीभोर, थोराड नाकाची, मोठ्या जिवणीची, सरळ समोर बघणारी. डोक्यामागचा उघड्या दाराचा उजेड चाचांनी कोरा सोडला होता, त्यामुळं चेहरा आणखीच काळा दिसत होता. आबा म्हणाले, "हे काय केलंत? मी काय सांगितलं होतं?"

"हाय तसं काढलं, कारकूनसाहेब."

"आहे तसं दिसतं म्हणूनच लोक उठून जातात ना! उजळ करा. तुमचा पाव काय फक्त स्वतःच्याच चुका खातो?"

"ही चूक न्हाय," चाचा म्हणाले. पुढचं बोलायच्या आधी ते थांबले, पण बोललेच. "देवळात काळ्या दगडाम्होरं रोज हात जोडतासा. तिला उजळ करा म्हणून कधी सांगितलं न्हाईसा."

आबांना ते वर्मी लागलं. कचेरीतला एक माणूस दुसऱ्याच दिवशी कामानं गगनबावड्याला निघणार होता, दुसरं चित्र काढायला सवड नव्हती. चाचा डिंकाचं पाणी फुंकून कोळसा पक्का करणार, तेवढ्यात आबांनी कागद उचलला. वर पातळ कागद टाकून गुंडाळी केली आणि चालते झाले. त्या दिवसापासून दोन्ही घरांमधलं बोलणं बंद.

गगनबावड्याहून उत्तर नाही. पंधरवडा गेला, महिना गेला. आई देवाला साखर ठेवून ठेवून मुंग्यांना पोसत होती. आबा जेवताना भिंतीकडं बघून म्हणायचे, "शेजाऱ्याच्या हट्टापायी पोरीचं वाटोळं झालं." भिंत पातळ होती. पलीकडं ऐकू जात असणारच.

एके सकाळी चाचीनं मला परसातून हाक मारली. आत गेले, तर चाचा भिंतीला टेकून बसलेले. इतकं उतरलेलं तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी एक कागद पुढं केला. रंगात काढलेली मुलगी. गव्हाळ, चाफेकळी नाकाची, बारीक जिवणीची, नथ आईचीच. "भागाबाई, माझ्या इमानापायी तुझा संसार मोडाय नगं. ह्यो धाडून देऊ. मागचं चित्तर पावसात भिजलं म्हणून सांगायचं. पर काय करायचं ते तू बोल. तोंड तुझं हाय."

मी त्या मुलीकडं बघितलं. देखणी होती हो! आधी मला तिचा हेवा वाटला. मग मनात आलं, ही गेली गगनबावड्याला आणि मागून मी गेले, तर त्या घरात मी जन्मभर हिच्या जागेवर चोरासारखी बसायची. मला असा संताप आला! मी पावाचा तुकडा उचलला आणि घासायला लागले, पण तो रंग, पावाला कुठला दाद देतोय? मग उठले आणि कागद चाचीच्या चुलीत सारला. चाचीनं वरून फुंकणी मारली. "बरं केलंस. आज लाकडं वलीच हुती." चाचा बऱ्याच दिवसांनी काडी शोधायला लागले.

नवरात्र आलं. तालमीत देवी लागली. आमच्या घरातून त्या वर्षी कुणी बघायला गेलं नाही.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी दारात छकडा थांबला. गगनबावड्याची मंडळी! निरोप नाही, सांगावा नाही. मुलाचे वडील, मुलगा, आणि त्यांच्या पुढं पायऱ्या चढून आलेली मुलाची आई. अंगानं भरदार, आवाज असा की चिंचेवरची पाखरं उडाली. घरात धांदल. आईनं मला कसंबसं लुगडं नेसवलं, नथ घातली, पानाचं तबक हातात दिलं. मी बाहेर आले. ती बाई माझ्याकडं बघत होती. बघता बघता ती उठून उभी राहिली आणि तिनं मला हात जोडले.

ओसरीवर सगळे गार. तिचा नवरा दबक्या आवाजात म्हणाला, "अगं, काय करतीस?" तशी ती भानावर आली आणि खदखदून हसली.

"सवय लागली की वो हाताला! पावणं, तुम्हास्नी काय सांगू, कचेरीचा माणूस आला तवा घरात म्या एकटी. बापलेक कोकणात गेलते, दरड पडून तकडंच अडकल्यालं. त्यो माणूस अंबाबाईचा अंगारा, नारळ आन ही गुंडाळी हातात द्यून गेला. चिठ्ठी हुती, पर मला वाचाय येत न्हाय. गुंडाळी सोडली तर काळंभोर तोंड, नथ, कुक्कू, मागनं ही परभावळ! म्या म्हटलं, अंबाबाईच आली घरला. पाटावर डकवली, देव्हाऱ्यात ठेवली, रोज हळदकुक्कू. आमची म्हस हरवली, तिलाच साकडं घातलं. बाई गं, म्हस गावू दे आन पोराला चांगली बायकू मिळू दे. म्हस तिसऱ्या दिशी दारात! मंग ह्ये घरला आलं, चिठ्ठी वाचली आन म्हणत्यात, अगं खुळे, ही देवी न्हवं, कोल्लापूरची पोरगी हाय. म्या म्हटलं, मंग थांबलाईसा कशाला? छकडा जुपा की!"

मुलगा मान खाली घालून हसत होता. मी चोरून बघितलं. बरा होता.

सुपारी फुटली, मंडळी गेली. आबा मात्र आनंदानं बसले नाहीत. पायताणं चढवून कुठंतरी निघून गेले. तासाभरानं आले ते धोतराच्या सोग्यात काहीतरी लपवून, आणि घरात न येता सरळ चाचांच्या दारात जाऊन उभे राहिले. सोग्यातून त्यांनी पाव काढला. जन्मात पावाला हात न लावलेला माणूस, भट्टीपर्यंत चालत जाऊन स्वतः घेऊन आला होता. चाचांच्या काळ्या हातात तो ठेवत आबा म्हणाले, "चाचा, चूक माझी होती. ती ह्याला खायला घाला." चाचांनी त्यांना मिठी मारली. आबांच्या पांढऱ्या अंगरख्यावर दहा बोटं उमटली. आईनं तो अंगरखा धुतला, पण कट्टा काही सारवला नाही.

सासरी निघताना सगळे रडत होते, मी नव्हते रडत. मला अजून एक हिशोब चुकता करायचा होता. चाचांच्या पाया पडले आणि विचारलं, "चाचा, इतक्या वरसांत गल्लीतल्या समद्यांचं काय काय घेतलंसा. माझा एक कान बी घेतला न्हाईसा. का?"

चाचांनी डोळे बारीक केले, मान एका बाजूला टाकली. "एकेकीतलं एकेक निवडून काढाय येत हुतं मला. तुझं तुकडं कराय हात धजला न्हाई, भागाबाई."

मग मात्र मी अशी रडले की छकड्याचा बैल बुजला.

गगनबावड्याला पहिल्या दिवशी सासूबाईंनी मला देव्हाऱ्यापुढं उभं केलं आणि म्हणाल्या, "पाया पड." म्हटलं, "अहो, ही मी हाय." त्या म्हणाल्या, "तू असशील. म्हस हिनं दिलीया." झालं! मी माझ्याच पाया पडले. डिंकाचं पाणी न लागलेला तो कोळसा. सासूबाईंची बोटं रोज कुंकू लावताना फिरायची आणि रोज थोडी मी निघून जायची. आधी कपाळ गेलं, मग गाल.

पुढं काही वर्षांनी चाचा एकदा आले, थेट घाट चढून. चाचीनं माझ्यासाठी खारे शेंगदाणे दिले होते. देव्हाऱ्यापाशी उंबऱ्याबाहेर उभे राहून त्यांनी ते चित्र बघितलं. मी म्हटलं, "चाचा, पुसत चाललंय. काडी हाय न्हवं खिशात? नीट करा की." त्यांनी काडी काढली. चित्राकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. तोवर मला दोन लेकरं झाली होती, हाताला शेणामातीचे घट्टे होते. त्यांनी काडी परत खिशात टाकली. "ऱ्हाऊ दे. हात लावून लावून कुणी पुसलं, म्हंजे पोच मिळाली म्हणायची." त्यानंतर ते दिसले नाहीत. त्यांच्या जाण्याची खबर भर पावसात आली, घाट बंद होता, आणि मला मातीलाही जाता आलं नाही. त्याचं दुःख अजून आहे.

आता त्या कागदावर नथीची गोलाई आणि एक डोळा, एवढंच उरलंय. बाकी सगळं हळद, कुंकू आणि धूर. परवा माझी नात शाळेतून हुंदके देत आली. रंग माझाच घेऊन आलीय कार्टी. कुणीतरी वर्गात काळी म्हणालं होतं. मी तिला देव्हाऱ्यासमोर नेलं नाही, गोष्टही सांगितली नाही. दारातल्या उजेडात उभी केली. डोळे बारीक केले, मान एका बाजूला टाकली आणि चांगला वेळ लावून तिच्याकडं बघितलं. ती रडायची थांबली. "काय बघतीस, आज्जे?"

"बघू दे की. कालच्यापरास आज कानाची पाळी बेस दिसतीया."

पोरगी दिवसभर केस कानामागं सारून घरभर हिंडत होती.